दाजींचा शेरा

माझ्यासाठी स्थळ शोधायला माझा थोरला भाऊ कुठल्या गावाला गेला नाही की कुणा मध्यस्थाच्या पाया पडला नाही. कोल्हापुरात शाहूपुरीत एका सहकारी संस्थेचं ऑफिस होतं, तिथे तो हेडक्लार्क होता. त्याच्या हाताखालच्या कारकुनांत एक तरुण होता, मूळचा कुरुंदवाडचा. साल बासष्ट-त्रेसष्टच्या आसपासचं असेल. एक दिवस जेवताना दादाने आईला सांगितलं, "आमच्या आफिसात एक पोरगं हाय. कामाला वाघ आणि तोंडाला कुलूप. आमच्या बायला ह्याच्यापरीस चांगला मिळायचा न्हाय."

बाय म्हणजे मी. आईने रीतीप्रमाणे घर, शेती, भाऊबंद सगळं विचारलं. दादा म्हणाला, ते मागाहून बघू. मी दरवर्षी त्याचा शेरा लिहितोय, मला जेवढा तो माहीत आहे तेवढा त्याच्या भाऊबंदांनाही नसेल. आईला शेरा म्हणजे काय ते कळलं नाही. मला कळलं, कारण मी नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि आमच्यावरही शेरे पडत. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे, वर्गात मागे बसून मुलांना सतराचा पाढा विचारायचे, हेडमास्तरांच्या खोलीत चहा घ्यायचे आणि 'चांगल्या शिक्षिका' असं लिहून निघून जायचे. माझं शिकवणं त्यांनी धड ऐकलेलंही नसायचं. त्या मानाने दादाचं लिहिणं खरं असणार असं मला वाटलं, आणि मी लग्नाला हो म्हटलं.

आता हा शेरा काय प्रकार होता ते सांगायला हवं. मार्च सरला की प्रत्येक नोकरदाराचा गोपनीय अहवाल लिहायचा असे. कामाचा उरक, वागणूक, सचोटी अशा रकान्यांपुढे चार शब्द लिहायचे आणि शेवटी सगळ्या माणसाचं मोल एका शब्दात करायचं. अत्युत्कृष्ट, उत्तम, चांगला, साधारण, असमाधानकारक. दादा लिहायचा आणि खाली व्यवस्थापक 'सहमत' म्हणून सही ठोकायचे. वाईट शेरा असला तर त्या माणसाला कळवावा लागे, मग त्याला आपली बाजू मांडता येई. चांगला शेरा कळवत नसत, कारण स्तुती ऐकली की माणूस शेफारतो. सगळ्यांत लबाड तो मधला 'साधारण'. वाईटात धरत नाहीत म्हणून तो कळवायचा नाही, आणि चांगल्यात धरत नाहीत म्हणून त्यावर बढती द्यायची नाही. साधारण शेऱ्याच्या माणसाला कुणी हाकलत नाही आणि कुणी वरही बोलावत नाही. तो आपला बसल्या जागी म्हातारा होतो.

लग्न झालं. माझे यजमान, म्हणजे 'हे', माहेरी जावई म्हणून आले की त्यांचा काय थाट! आमच्या माहेरी पद्धतच तशी. पहिल्या पंगतीत पहिला पाट दाजींचा. दाजी बसल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. मटणातली नळी त्यांच्याच ताटात पडायची, आणि ती दादा स्वतःच्या हाताने वाढायचा. ऑफिसात मात्र हे त्याला साहेब म्हणत आणि तो यांना आडनावाने हाक मारी. दोघे एकाच वेळी ऑफिसला निघत, पण सायकली एकत्र नेत नसत. दादा म्हणायचा, लोकांच्या डोळ्यावर येतंय. मला त्याचं कौतुक वाटायचं. माझा भाऊ असा सरळ की ऑफिसची पेन्सिलसुद्धा त्याने कधी घरी आणली नाही.

यांची आई कुरुंदवाडला एकटी राहायची. दोन खोल्यांचं घर, दारात एक म्हैस, आणि रोज सकाळी नदीवर जाऊन येणं. कोल्हापुरात तिला चार दिवस करमायचं नाही. चला म्हटलं की म्हणायची, "तुमच्या त्या पेठेत कुनाला कोन वळखत न्हाय. मी हितंच बरी." यांच्या संस्थेची कुरुंदवाडला एक शाखा होती. तिथला शाखाधिकारी व्हायचं आणि आईपाशी राहायचं, एवढी एकच इच्छा माझ्या नवऱ्याने आयुष्यात बोलून दाखवली. मीही तिकडच्या शाळेत बदली मागणार होते. सासूबाईंनी तर गल्लीत सांगूनही टाकलं होतं, माझा लेक सायेब होऊन येतोय म्हणून. म्हशीचा गोठा पाडून तिथे आमच्यासाठी खोली काढायची, हेसुद्धा त्यांनी ठरवलं होतं.

ती जागा पहिल्यांदा रिकामी झाली तेव्हा यांच्या मागून नोकरीला लागलेला एक जण तिथे गेला. हे म्हणाले, असूं दे, तो शिकलेला जास्त आहे. दुसऱ्यांदा रिकामी झाली तेव्हा गेला तो तर काठावर मॅट्रिक झालेला होता. त्या महिन्यात आम्ही कुरुंदवाडला गेलो तर सासूबाईंनी विचारलं, "कवा येनार रं सायेब हून?" हे म्हशीला वैरण टाकायला निघून गेले. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, भाऊ तुझा मोठा, त्याच्या शब्दाला आफिसात वजन, मग माझ्याच लेकाचं घोडं कुठं अडतंय? त्या रागावून बोलल्या नव्हत्या, पण मला ते लागलं. भाऊ मोठा आणि उपयोग शून्य, असं माझ्या माहेराला कुणी म्हटलेलं मला आवडलं नाही.

म्हणून मी ते केलं. दिवाळीत भाऊबिजेला दादा आला. पाटावर बसवून त्याला ओवाळलं. तो ताटात ओवाळणी टाकायला लागला तसा मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "दादा, औंदा ताटात काय टाकू नको. ह्यांचं तेवढं बघ." यात मी काही जगावेगळं केलं असं तेव्हा मला वाटलं नाही. बहिणीने भावाकडे नाही मागायचं तर कुणाकडे मागायचं? पण दादाचा चेहरा एकदम उतरला. त्याने हात सोडवून घेतला, ओवाळणी ताटात ठेवली, आणि चकल्या फार छान झाल्यात असं काहीतरी बोलला. मला वाटलं, लक्षात ठेवलंय. आपला दादा बोलून दाखवणाऱ्यातला नाही.

त्यानंतर आणखी एकदा ती जागा रिकामी झाली आणि पुन्हा दुसऱ्यालाच मिळाली. सासूबाईंनी मग विचारायचं सोडून दिलं. गोठा तसाच राहिला.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास संस्थेत नवे व्यवस्थापक आले. पुण्याकडचे, वाचून सही करणारे. त्यांनी यांना खोलीत बोलावून सरळ विचारलं, की तुमचे पूर्वीचे शेरे 'उत्तम' आहेत, मग एका वर्षापासून जे 'साधारण' सुरू झालं ते आजतागायत साधारणच. त्या वर्षी असं काय झालं? आजारी होता का? टेबलाशी परत येऊन यांनी ते वर्ष आठवून बघितलं. ते आमच्या लग्नाचं वर्ष होतं.

हे मला त्यांनी लगेच सांगितलं नाही. नेहमीसारखे ऑफिसला जात होते, येत होते. फक्त जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. मी चिडून विचारलं, माझं काही चुकलं का? तर म्हणाले, तुझं काय चुकायचंय, तू तर मला चांगल्या शेऱ्यावर मिळालीस. मला काही उमगलं नाही. उमगलं ते माझ्या माहेरच्या गावी, कागलकडे, म्हाईच्या जेवणात. म्हाई म्हणजे आमच्याकडे गावदेवीचं मटणाचं जेवण. सगळा गोतावळा जमलेला. पहिली पंगत बसली, पहिल्या पाटावर अर्थातच हे. दादा रश्श्याची बादली घेऊन आला. तो नळी वाढायला वाकला तसा यांनी ताटावर हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," हे म्हणाले. "मी साधारण माणूस. शेवटच्या पंगतीला बसतो."

असं म्हणून हे उठले. माहेरच्या माणसांसमोर यांनी दादाला साहेब म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. पंगतीतल्या लोकांना वाटलं, दाजी रुसले, मानपानात काही राहिलं असेल. एक-दोघे हसलेसुद्धा. दादा मात्र हसला नाही. बादली खाली ठेवून तो यांच्या मागोमाग परसात गेला, आणि त्यांच्यामागून मी.

परसात दादाने काही लपवलं नाही. तो तसा माणूसच नव्हता. म्हणाला, लग्नानंतर ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी डोळे मिचकावून बोललं होतं, आता काय बाबा, साहेबांचे दाजी! ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्या मार्चला यांचा अहवाल पुढ्यात आला आणि 'उत्तम' लिहायला हात होईना. "खरं हाय, मी लिवलंय साधारण. तुमी आता माझ्या घरचं झाला. पंगतीला घरच्यांनी शेवटी बसायचं असतंय, दाजी. आपल्या माणसाला पयलं वाढलं तर लोक काय म्हनतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या," हे म्हणाले. "खरं काय हुतं ते लिवायचं हुतं."

दादा माझ्याकडे वळला. तेव्हा तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, मधे एका वर्षी त्याने ठरवलं होतं, की आता बोलणारी तोंडं थकली, आता खरं ते लिहून टाकायचं. त्याच दिवाळीला मी ओवाळताना त्याचा हात धरला. "तू मागितलंस आणि संपलं बघ, बाय. आता उत्तम लिवलं असतं तर ती बहिनीची शिफारस झाली असती. खरं असून खोटं झालं असतं."

मी त्याच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण परसातल्या बायका भांडी घासायच्या थांबल्या होत्या. मला त्याचा राग आला होता, आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा. एका भाऊबिजेला मी तोंड मिटून, मिळाली ती ओवाळणी घेऊन गप्प बसले असते तर माझी सासू लेकाच्या हातचं पाणी रोज प्याली असती. हा विचार तेव्हापासून माझ्या मागे लागला तो लागलाच. हे मला कितीदा म्हणाले, तुला काय ठाऊक होतं? खरंच नव्हतं. पण ठाऊक नसल्याने दुःख थोडंच कमी होतं.

त्यानंतर हे माझ्या माहेरी गेले नाहीत. मला जायला कधी अडवलं नाही. उलट भाऊबिजेच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन नारळ आणून ठेवायचे. दादा आमच्याकडे यायचा बंद झाला होता, मीच ताट घेऊन शिवाजी पेठेत त्याच्या घरी जायचे. ओवाळताना आम्ही दोघे हवापाण्याचं बोलायचो. ऑफिसात ते दोघे पूर्वीसारखेच समोरासमोर बसत होते. लोकांना फरक कळला नसेल, कारण तिथे ते आधीही परक्यासारखेच वागत.

पुढे दादा निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या माणसाचं यांच्याशी काही नातं नव्हतं, त्यामुळे त्याने जे दिसलं ते लिहिलं. चांगला. पुढच्या वर्षी उत्तम. परक्या माणसाला जे सहज जमलं ते माझ्या भावाला जमलं नाही, याचं मला हसावं की रडावं ते कळेना. पण बढतीसाठी तसे शेरे काही वर्षं साठावे लागत. ते साठेपर्यंत सासूबाई गेल्या. शेवटी शेवटी त्यांची नजर गेली होती. गल्लीतून कुणी सायकलवरून गेलं की विचारायच्या, सायेब आला का. त्यांच्या माघारी वर्ष-दीड वर्षाने यांना कुरुंदवाडच्या शाखेवर नेमल्याची ऑर्डर आली. यांनी ती मला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नकार लिहून दिला. मी म्हटलं, अहो, इतकी वर्षं थांबलात. हे म्हणाले, "आता तितं कुनासाठी जाऊ?"

दरम्यान मी मुख्याध्यापिका झाले होते आणि शेरे लिहायची पाळी माझ्यावर आली होती. तेव्हा मला दादा थोडासा कळला, हेही सांगून टाकते. ज्या बाईशी माझं फारसं पटत नसे, तिचा चांगला शेरा मी झटकन लिहून मोकळी होत असे. जिच्याबरोबर रोज डबा खायचे तिचा कागद पुढे आला की वाटायचं, लोक काय म्हणतील. आपल्या माणसाला न्याय देताना हात जड होतो. मी तो रेटून नेत असे, कारण माझ्या घरात त्याचं फळ रोज समोर बसून गुमान भाकरी खात होतं. पण हात जड होतो हे खरं.

दादाला अर्धांगवायू झाला तो त्याच सुमारास. एक बाजू गेली, बोलणं सावकाश झालं, पण कळत सगळं होतं. त्याने मला निरोप पाठवला, दाजींना घेऊन ये. मी यांना सांगितलं आणि वाट बघत उभी राहिले. यांनी टोपी घातली आणि चपला पायात सरकवल्या.

इतक्या वर्षांनी यांना दारात बघून वहिनी घाईघाईने पाट मांडायला गेली. हे तिला थांबवून दादाच्या खाटेवर त्याच्या पायाशी बसले. दादाने चांगल्या हाताने यांचा हात धरला. एक एक शब्द जुळवत तो म्हणाला, "दाजी, तुमच्यासारका मानूस... त्या आफिसात दुसरा न्हवता. म्हनून तर बहीन दिली की."

हे त्याच्या पायावरची चादर नीट करत राहिले. आवाज चढवला नाही, उलट पोराशी बोलावं तसं हळू बोलले. "ते मला ठाव हाय, दादा. पर हितं सांगून काय उपेग? घरात तर मला पयला पाट हुताच की."

दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्याचा हात उचलेना, तेव्हा यांनीच ते आपल्या उपरण्याने पुसलं. मी खांबाला टेकून उभी होते. ती दोन्ही माणसं भली होती. एकमेकांवर त्यांचा जीव होता. आणि तरी एकाने दुसऱ्याचं आयुष्य आहे तिथेच ठेवून दिलं होतं, ते केवळ आपला माणूस म्हणून. दादाच्या जागी कुणी दुष्ट माणूस असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

तो त्यानंतर महिनाभराने गेला. तेराव्याला गोड जेवण होतं. मांडवात पंगत बसायला लागली, तसे माझे भाचे यांना हाताला धरून पहिल्या पाटाकडे न्यायला आले. यांनी त्यांच्या हातातली बुंदीची परात काढून घेतली आणि वाढायला सुरुवात केली. ऑफिसातले जुने लोक आले होते. त्यांनीही, बसा की आमच्यासंगं, म्हणून आग्रह केला. "मी घरचा हाय," एवढंच हे म्हणाले. गाव जेवलं, ऑफिस जेवलं, बायका जेवल्या. ऊन कललं तेव्हा घरच्यांची पंगत बसली आणि तिच्या टोकाला हे बसले.

मी वाढायला आले. भात होता, आमटी तळाची राहिली होती, बुंदीची परात रिकामी होती. मी म्हटलं, थांबा जरा, आत थोडी ठेवलेली असेल, बघते. यांनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला.

"असूं दे गं," हे म्हणाले. "शेवटच्या पंगतीला असंच असतंय."